पहिली चीर

दत्तात्रेय मास्तरांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची आणि ती त्यांनी कधी कोणापासून लपवली नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तर पत्रावळ घरून आणलेल्या पाण्यानं धुवायचे, तीही दोन्ही बाजूंनी. केळं सोलायच्या आधी धुणारा माणूस थळच्या आसपासच्या पाच-सहा गावांत शोधला असता तर हे एकटेच सापडले असते. कोणी समोर शिंकलं की त्या दिवशी आंघोळ दुसऱ्यांदा. गावात त्यांचं नाव होतं शीशी मास्तर, आणि ते त्यांना ठाऊक होतं, पण ज्या तोंडातून ते नाव यायचं त्या तोंडाचीच त्यांना किळस यायची, मग नावाचं काय घेऊन बसायचं.

अशा माणसाला देवानं नोकरी द्यावी ती एसटीत कंडक्टरची, मास्तर ही पदवीही तिथलीच, आणि गाडी मिळावी अलिबाग-म्हसळा. वळणावळणाचा रस्ता. दर फेरीला कोणी ना कोणी ओकायचंच, आणि ओकायच्या आधी माणूस खिडकीकडे न बघता नेमका कंडक्टरकडे बघतो. तीस-बत्तीस वर्षं मास्तरांनी तोंडाला रुमाल बांधून तिकिटं फाडली. पुढं करोना आला, सगळ्या गावानं तोंडाला फडकी बांधली, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "आता आली अक्कल."

बायको त्यांना त्या गाडीनंच मिळवून दिली. म्हसळ्याच्या अलीकडे एक म्हातारी त्यांच्या बुटावर ओकली. मास्तर तिथंच खांबासारखे उभे, तिकिटं फाडायची थांबली, ड्रायव्हर घंटीची वाट बघतोय. म्हातारीबरोबर तिची नात होती. ती वाकली, मास्तरांच्या पायातला बूट काढून घेतला, खाली उतरून रस्त्याकडेच्या नळावर मातीनं घासून धुतला आणि परत आणून दिला. वर म्हणाली, "घ्या मास्तर. तुमचा जीव बुटात अडकलेला दिसतोय." ती सोनूबाई. सहा महिन्यांत लग्न झालं.

सोनूबाईनं माहेराहून आणलेल्या सामानात एक पुरचुंडी होती, भोपळ्याच्या बियांची. दिसायला तो भोपळा अगदीच सामान्य. चपटा, खोल रेघांचा, वरून राखेच्या रंगाचा. पण आतून असा केशरी की कापल्यावर विळीलाही रंग चढावा, आणि गोड इतका की घारग्यांना गूळ निम्माच लागायचा. दरवर्षी मागच्या कुंपणावर ती वेल चढवायची आणि दरवर्षी सगळ्यात चांगला एक भोपळा पडवीच्या वाशाला शिंक्यात टांगून ठेवायची. तो खायचा नाही. तो बियाण्याचा. शिमगा झाला की तो उतरवायचा, कापायचा आणि त्याच्या बिया पुढच्या पावसाळ्याला.

आता भोपळा कापायची आमच्याकडे एक रीत आहे. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, त्याला बाईमाणसानं पहिली सुरी लावायची नाही. पुरुषानं पहिली चीर द्यायची, पुढचं मग बाई बघून घेते. तेव्हा दर खेपेला सोनूबाई हाक मारायची. मास्तर कोयता दोनदा धुवायचे, भोपळ्याला हळदकुंकू लावायचे, एक घाव घालायचे आणि आत काय निघालं ते बघायच्या आधी ओटीवर पळायचे. भोपळ्याच्या पोटातली ती बुळबुळीत सुतं, त्यांत लडबडलेल्या बिया, नुसत्या आठवणीनंही ते नाकाला रुमाल लावायचे. मासळीचंही तेच. बांगडा ताटात आला की तुटून पडणार, पण साफ करताना घरात थांबणार नाहीत. आतून सोनूबाई हसायची. "झालं तुमचं? बसा आता ओटीवर. नवऱ्याचा उपयोग काय तो एवढाच."

मागच्याच्या मागच्या शिमग्यानंतर, बियाणं राखेत पडल्यावर, सोनूबाई गेली. तापाचं निमित्त, चार दिवसांत खेळ खलास. डब्यात तिची पुरचुंडी तशीच होती, राखेनं करड्या झालेल्या बिया तिच्यात. मास्तरांनी त्या साली निम्म्या लावल्या. वेल उदंड आली, भोपळे गावभर वाटले, आणि बियाण्याला एक ठेवायचा हे शेवटचा भोपळा कोणाच्या तरी घरी शिजल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. या साली उरलेल्या निम्म्या लावल्या. पाऊस असा लागला की फळ धरायचं आणि देठाशी कुजून पडायचं. एक, फक्त एक भोपळा टिकला. दसऱ्याच्या सुमाराला मास्तरांनी तो स्वतः उतरवला, ओल्या फडक्यानं पुसला आणि पोत्यात गुंडाळून पडवीत तिच्या शिंक्यात ठेवला. पुरचुंडी आता रिकामी होती. सोनूबाईच्या माहेरी विचारलं, तिथं कोणी वेल लावत नव्हतं. म्हणजे जे काही उरलं होतं ते त्या शिंक्यात होतं.

हे सगळं मास्तरांना ठाऊक. सांगितलं कोणाला? कोणालाच नाही. सांगण्यासाठी माणसाच्या जवळ बसावं लागतं.

दिवाळी झाली आणि भातकापणीसाठी मुलगा परेश सुट्टी काढून आला. तो उलव्याला राहतो, बंदराजवळच्या एका गोदामात हिशेबनीस आहे. बरोबर बायको प्रणाली, पनवेलात वाढलेली, आणि सात वर्षांची नेत्रा. नेत्रा आली ती तोंड फुगवून. त्यांच्या सोसायटीत एकतीस तारखेला हॅलोविन होतं, तिनं चेटकिणीचं सोंग ठरवलं होतं, आणि बापाच्या भातानं सगळ्यावर पाणी फिरवलं.

"मग आपण इथंच करू की," प्रणाली म्हणाली. "शेजारची पोरं बोलावू. गावाकडचं हॅलोविन!"

"काय असतंय काय ते?" मास्तरांनी विचारलं.

नेत्रानं समजावून सांगितलं. त्या दिवशी भुतं येतात. मग आपण पण भूत व्हायचं, घर घाण दिसेल असं सजवायचं आणि घाण दिसेल असं काहीतरी खायचं. मज्जा येते.

ज्या गावात भुताला तिठ्यावर लिंबू-भात ठेवून मागं न बघता घरी यायची पद्धत, त्या गावात त्यांचं स्वतःचं रक्त भुताला तोरण बांधून बोलावत होतं. आणि घाण? ती मुद्दाम करायची? ती काय कमी पडलीय जगात?

"शी!" ते म्हणाले.

"हां, तसंच!" नेत्रा खूश झाली. "सगळ्यांनी शी म्हणायचं असतं."

तीस तारखेला तयारी सुरू झाली. प्रणालीनं पिशवीतून एक पाकीट काढलं, फोडलं आणि त्यातून पांढरी जाळी बाहेर ओढली. कोळ्याची जाळी. विकत आणलेली! पंधरा दिवसांपूर्वी, दिवाळीच्या आधी, मास्तरांनी बांबूला केरसुणी बांधून मान मोडेपर्यंत पडवीतली जळमटं काढली होती, आणि आता त्याच वाशांना सून पाकिटातली जळमटं लावत होती. त्यांच्यावर प्लास्टिकचे कोळी. तुळशीवर रबराची पाल. काळ्या कागदाची वटवाघळं कातरून दाराला, जिथं अजून झेंडूचं तोरण होतं, त्याच्याच दोरीला. मास्तरांचं धुतलेलं, निळीतून काढलेलं धोतर दोरीवरून नाहीसं झालं आणि तासाभरानं दोन काळे डोळे लावून पेरूच्या झाडावर लटकलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, पण हौसेला नाकही नसतं हे मास्तरांना तेव्हा कळलं.

"बाबा, घरात भोपळा आहे का हो?" प्रणालीनं चहा देता देता विचारलं. "त्याला डोळे-तोंड कोरायचं असतं."

"न्हाय," मास्तर म्हणाले.

खोटं बोलले असं त्यांना वाटलं नाही. शिंक्यात होता तो त्यांच्या लेखी भोपळा नव्हताच, ते बियाणं होतं. सून हे कसं ओळखणार, याचा त्यांनी विचार केला नाही. कप धुतला होता की नाही याचा मात्र केला.

"मग मी उद्या अलिबागहून आणतो," परेश म्हणाला, आणि विषय संपला.

एकतिसाला मास्तर सकाळीच शेतावर गेले. कापणीची माणसं होती, त्यांच्यावर नजर ठेवायची होती. दुपारी शेतावरच भाकर खाल्ली, तीही अर्धी, कारण चटणीच्या डबीवर माशी बसलेली दिसली. परतले ते दिवेलागणीला, आणि फाटकातच थबकले.

पायरीवर लाल हाताचे ठसे. रंगच होता तो, पण मास्तरांनी ती पायरी ओलांडूनच पाय टाकला. ओटीवर सात-आठ पोरं, कोणाच्या तोंडाला कोळसा, कोणाच्या हनुवटीवरून सॉस ओघळतोय. मध्ये टेबल, आणि टेबलावर खाणं. माणसाची बोटं. बिस्किटाच्या पिठाची केलेली, पेरांना सुरीनं रेघा मारलेल्या, टोकाला बदामाचं नख, आणि तुटल्या बाजूला जाम लावलेला, की बोट आत्ताच छाटलंय. एका वाडग्यात डोळे. रसगुल्ल्यात काळं द्राक्ष बसवलेलं, पाकात तरंगत वर बघणारे. काचेच्या पेल्यात चॉकलेटची माती आणि तिच्यातून वळवळत बाहेर आलेले जेलीचे गांडूळ.

"आबा, बोट खा ना!" नेत्रानं एक पुढं केलं. तिच्या स्वतःच्या बोटाला फेविकॉल वाळलेला होता.

मास्तरांनी डोळे मिटले. ही काय अवदसा आठवली माणसांना? उपाशी माणूस पडलेलं उचलून खातो ते समजतं. पण पोट भरलेल्यांनी चांगल्या अन्नाला मुडद्याचं रूप द्यायचं आणि टाळ्या पिटायच्या! त्यांना मनापासून शिसारी आली. खाण्याची आली, आणि खरं सांगायचं तर खाणाऱ्यांचीही आली, त्यात आपली नात आहे हे दिसत असूनही आली.

शेजारची काशी मात्र पदर खोचून टेबलाशी बसली होती. तिला असल्या बाबतीत कसला विधिनिषेध नाही. तिसरा डोळा तोंडात टाकून ती म्हणाली, "मास्तर, ग्वाड हाय डोला. घ्या एक."

"तूच गिल," मास्तर म्हणाले आणि हातपाय धुवायला निघाले.

"बाबा, थांबा ना." प्रणाली पदराला हात पुसत आली. आज तिनं साडी नेसली होती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. "भोपळा आणलाय, पण कापला नाही. तुमच्यासाठी थांबलोय. आई नेहमी सांगायच्या, पहिली चीर बाबांची. हे म्हणत होते मीच कापतो, पण मी नाही म्हटलं. घरातलं मोठं माणूस असताना कसं?"

वर्तमानपत्रावर तो ठेवला होता. पोरांनी त्याला आधीच रंगवून टाकलं होतं, भगव्या रंगाचे थरावर थर, अजून ओले, वर काळ्या रंगानं दात काढलेले, आणि एका डोळ्यातून लाल ओघळ. मास्तरांनी त्याच्याकडे अर्धा क्षण बघितलं आणि मान फिरवली. एवढं ओंगळ भोपळ्याचं ध्यान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण सुनेनं रीत पाळली होती. ते त्यांना आवडलं, आणि सोनूबाईचं नाव घेतल्यावर नाही म्हणता येईना.

कोयता त्यांनी दोनदा धुतला. हळदकुंकू लावलं ते बोटाच्या टोकानं, रंग लागू नये म्हणून. मग मान पेरूच्या झाडाकडे वळवून, न बघता, देठाशी एक घाव घातला. भोपळ्यानं करकर आवाज केला. पोरांनी आरोळी ठोकली. मास्तरांनी कोयता तसाच प्रणालीच्या हातात दिला आणि मोरीकडे धावले. साबणानं तीनदा हात धुतले, तरी नखात भगवा रंग राहिलाच.

मग ते ओटीच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, आपल्या खुर्चीत जाऊन बसले. भोपळा आत नेऊन पोरं गर काढत होती, किंचाळत होती, "शी, आतडी, आतडी!" म्हणत होती. मास्तरांनी कानात बोटं घातली. भूक मात्र लागली होती. सकाळपासून पोटात होती ती अर्धी भाकर, आणि टेबलावर एक म्हणून गोष्ट माणसानं खावी अशी नव्हती.

तासाभरानं प्रणालीनं एक वाटी आणून दिली. स्टीलची, स्वच्छ. तिच्यात भाजलेल्या बिया, तुपावर परतून वर मीठ भुरभुरलेलं. "बाबा, हे तरी खा. याच्यात घाण काही नाही. तीन पाण्यांनी धुतल्यात."

मास्तरांनी एक बी उचलली, दिव्याकडे धरून बघितली. खरंच स्वच्छ होती. दातांत धरून फोडली. आत भरगच्च गर, खोबऱ्यासारखा गोड. दुसरी घेतली. मग तिसरी. टरफलं नीट एका कागदावर ठेवत, त्या सगळ्या ओंगळवाण्या मेळ्यात मास्तरांनी मन लावून वाटी संपवली. त्या संध्याकाळी प्रथमच त्यांचं तोंड जरा सैल झालं. परेश शेजारी येऊन बसला तेव्हा ते स्वतःहून बोलले.

"चांगला मिलाला रे भोपला. बी कशी भरलीय. अलिबागात कोनाकडनं घेतलास?"

"अलिबागात कुठला मिळतोय, बाबा. सगळीकडं फोडी करून ठेवलेल्या. अख्खा भोपळा कोणी देईना. परत आलो, पडवीतलं पोतं उकलून बघितलं तर आपलाच टांगलेला. आई गेल्यावर बियाण्याचं कोण बघतंय, म्हटलं तुम्ही खायला ठेवून विसरलात."

त्याच वेळी आत कोणीतरी भोपळ्यात पणती ठेवली आणि पोरांनी तो ओटीच्या कठड्यावर आणून ठेवला. कोरलेल्या डोळ्यांच्या कडा आतल्या उजेडानं पेटल्या. तो केशरी रंग बाजारच्या भोपळ्याला नसतो.

मास्तरांनी पडवीकडे मान वळवली. वाशाला शिंकं होतं, रिकामं. त्याच्यावरही पाकिटातलं जळमट लावलेलं होतं.

आरडाओरडा करतील असं परेशला वाटलं असेल, पण तसं झालं नाही. मास्तर मांडीवरच्या कागदाकडे बघत राहिले. टरफलांचा ढीग होता, नीट रचलेला. दाढेत एक तुकडा अडकला होता, तो जिभेनं निघेना. आयुष्यभर त्यांना दुसऱ्यांची किळस आली होती, ओकणाऱ्यांची, शिंकणाऱ्यांची, उष्ट्या हातांची. आज पहिल्यांदा ती फिरून त्यांच्याच तोंडात आली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथं कर्मानं नेलं नव्हतं. त्यांनी मीठ लावून चवीनं खाल्लं होतं.

"प्रणाली," त्यांनी हाक मारली. आवाज इतका हळू होता की ती धावत आली. "सगल्या भाजल्यास?"

"हो... म्हणजे चांगल्या चांगल्या निवडल्या. ज्या गरात चिकटल्या होत्या त्या टाकल्या, बादलीत. का हो बाबा?"

"ते बियानं होतं. तिचं. शेवटचं."

प्रणालीचा हात तोंडावर गेला. परेश उठून उभा राहिला. मास्तर केव्हाच मोरीशी पोचले होते.

बादली काठोकाठ भरलेली होती. वर सॉसनं भरलेले कागद, त्याखाली पोरांनी चावून टाकलेले जेलीचे गांडूळ, त्याखाली दुपारच्या बांगड्यांची खवलं आणि आतडी, आणि कुठंतरी या सगळ्याच्या पोटात भोपळ्याचा गर. माश्या उठल्या. वास असा की लांब उभ्या काशीनं नाकाला पदर लावला. मास्तरांनी सदऱ्याची बाही वर केली, एकदा, दोनदा, आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

त्यांना उमासा आला. आला तसा त्यांनी गिळला. बोटांत बुळबुळीत सुतं आली, ती त्यांनी चाचपली, पिळली, त्यात काही कठीण लागतंय का बघितलं. पहिलं आतडं निघालं बांगड्याचं. मग एक बी. मग एक नुसतं पोचट टरफल.

"शी, आबा!" नेत्रा नाक धरून दारात उभी होती. काळ्या टोपीतली चेटकीण. "किती घाण! टाका ते!"

"घान न्हाय गं," मास्तर म्हणाले. "धर हात. ओंजल कर."

तिनं आईकडे बघितलं. प्रणाली साडी गुडघ्यात खोचून मास्तरांच्या शेजारी बसली आणि रंगवलेल्या नखांचा हात तिनंही बादलीत घातला. मग नेत्रानं ओंजळ केली. मास्तरांनी तिच्यात खवलं चिकटलेली पहिली बी ठेवली.

"सांगायचं होतंत ना, बाबा," थोड्या वेळानं प्रणाली म्हणाली. रडत होती.

"व्हय. सांगायला पायजे व्हतं."

बादली उपसून झाली तेव्हा नऊ बिया मिळाल्या. त्यातल्या पाच भरलेल्या वाटत होत्या. पोरं आपापल्या घरी गेली होती, कठड्यावरच्या भोपळ्यातली पणती फडफडत होती. परेशनं बंबातली राख वाटीत भरून आणली, कारण आई राख लावायची एवढं त्यालाही आठवत होतं. प्रणालीनं पाच बिया तळहातावर घेतल्या.

"या अशा ओल्याच राखेत घालायच्या, की आधी धुवायच्या? आणि वाळवायच्या उन्हात की सावलीत?"

मास्तरांनी काशीकडे बघितलं. काशी ओशाळून म्हणाली, "मना नको इचारू, मास्तर. मी तं पाकिटातलीच लावतंय."

परेशनं मान हलवली. सगळे मास्तरांकडे बघू लागले. चाळीस वर्षं, दर शिमग्याला, या घरात हे काम झालं होतं, आणि घरात ते होते.

मास्तरांनी आठवून बघितलं. कोयता आठवला, हळदकुंकू आठवलं, घाव आठवला. त्याच्या पुढं ओटी होती, त्यांची खुर्ची होती आणि आतून येणारं तिचं हसू होतं.

"ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "मी कंधी थांबलोच न्हाय."